पेकनचें झाड आणि जातीची निवड

सुक्या मेव्याच्या दुकानांत अक्रोडाच्या शेजारीं अलीकडे आणखी एक फळ मांडलेलें दिसतें. कवचासकट पाहिलें तर तें लांबट, गुळगुळीत व टोंकांना निमुळतें असतें. तपकिरी कवचावर काळसर पट्टे असतात. फोडून पाहिलें तर आंतील मगज अक्रोडासारखाच दोन फांकांचा, परंतु कमी सुरकुतलेला आणि चवीला अधिक गोडसर व स्निग्ध असतो. हेंच पेकन. इ. स. २०२३ मध्यें भारत सरकारनें त्यावरील आयातकर शेंकडा १०० वरून शेंकडा ३० वर आणल्यामुळें शहरांतील दुकानांपर्यंत त्याची वाट सुकर झाली. तथापि हा मेवा ज्या झाडावर लागतो, त्या झाडाची हकीकत मेव्याहूनहि अधिक मनोरंजक आहे, आणि ती मुख्यतः एका प्रश्नाभोंवतीं फिरते: झाड कोणत्या जातीचें लावावें?

हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गव्हाचें बियाणें चुकलें तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. पुढील वर्षीं दुसरें बियाणें पेरून त्याला ती चूक सुधारतां येते. पेकनचें कलम लावल्यावर पहिलीं फळें दिसण्यास पांच ते आठ वर्षें लागतात, आणि बाग भरघोस उत्पन्न देऊं लागेपर्यंत दहा-बारा वर्षें सहज उलटतात. पुढें तें झाड शंभर वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ, उभें राहतें. म्हणजे जातीची निवड चुकली तर ती चूक लावणाऱ्यास उतारवयाकडे झुकतांना कळते आणि त्याच्या मुलानातवंडांस भोगावी लागते. म्हणूनच अमेरिकेंतील बागाईतदार इतर सर्व गोष्टींपेक्षां या एका निर्णयाला अधिक जपतो.

पेकन हें अक्रोडाच्याच कुळांतील झाड. वनस्पतिशास्त्रांत त्यास 'कॅरिया इलिनॉइनेन्सिस' म्हणतात. त्याची मूळ भूमि उत्तर अमेरिकेंत आहे. मिसिसिपी नदी व तिच्या उपनद्या यांच्या कांठची गाळाची जमीन, टेक्सस राज्यांतील नद्यांचीं खोरीं आणि मेक्सिकोचा उत्तर भाग, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत तें आपोआप वाढतें. नदीकांठच्या खोल पोयट्याच्या जमिनींत त्याची उंची ७० ते १०० फुटांपर्यंत सहज जाते. युरोपीय लोक येण्यापूर्वी कित्येक शतकें तेथील मूळ रहिवासी हीं फळें गोळा करीत. 'पेकन' हा शब्दहि त्यांच्याच अल्गाँक्विन गटाच्या भाषांतून आलेला असून, दगडानें फोडावें लागणारें कठीण कवचाचें फळ असा त्याचा अर्थ सांगतात.

या फळांचें पहिलें लेखी वर्णन एका आपद्ग्रस्त प्रवाशानें केलेलें आहे. कॅबेझा दे वाका नांवाचा स्पॅनिश सरदार इ. स. १५२८ मध्यें टेक्ससच्या किनाऱ्यावर जहाज फुटून अडकला आणि पुढें कित्येक वर्षें त्या प्रदेशांत मूळ रहिवाशांमध्यें राहिला. त्याचा वृत्तांत १५४२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नदीकांठच्या फळांवर लोक वर्षांतील दोन महिने केवळ गुजराण करीत, असें तो सांगतो. आणि हीं फळें दरवर्षीं न येतां एक वर्ष आड येतात, हेंहि त्यानें नोंदून ठेविलें आहे. आपल्याकडील हापूस आंब्याच्या बागाईतदारास हा अनुभव अपरिचित नाहीं. पेकनचा हा स्वभाव पांचशें वर्षांनंतर आजहि कायम आहे, व त्याचा विचार पुढें करावयाचा आहे.

जंगलांतील या झाडांना एक मोठा गुण आणि एक मोठा दोष असतो. गुण असा कीं, त्या त्या जागेच्या हवेला व रोगांना तोंड देऊन तीं टिकलेलीं असतात. दोष असा कीं, बहुतेकांचीं फळें लहान व जाड कवचाचीं असतात. शिवाय बीपासून उगवलेलें रोप आईसारखें निघत नाहीं. रायवळ आंब्याची कोय पेरली असतां कसा आंबा येईल हें जसें कोणी सांगूं शकत नाहीं, तसेंच येथें घडतें. उत्तम झाडाचें बी लावलें तरी त्या रोपाचें फळ बारीक कीं मोठें, गोड कीं बेचव, हें समजण्यास दहा-पंधरा वर्षें थांबावें लागतें. चांगल्या झाडाचे गुण जसेच्या तसे राखावयाचे तर कलमावांचून दुसरा उपाय नाहीं.

पेकनवर यशस्वी कलम करून एक नांवाजलेली जात निर्माण करण्याचें श्रेय लुइझियाना राज्यांतील ओक अॅली या मळ्यावरील अॅन्टवान नांवाच्या माळ्याकडे जातें. तो गुलाम होता. इतिहासांत त्याचें केवळ नांवच उरलें आहे, आडनांव नाहीं. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत त्यानें एका उत्कृष्ट झाडाच्या काड्या घेऊन सोळा झाडांवर कलमें केलीं आणि तीं साधलीं. त्यांचीं फळें पुढें १८७६ सालीं फिलाडेल्फिया येथें भरलेल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनांत मांडण्यांत आलीं, आणि त्या जातीस 'सेन्टेनिअल' हें नांव मिळालें. आज जगांत जेवढ्या पेकनच्या बागा आहेत, त्या सर्व या माणसानें दाखविलेल्या मार्गानेंच उभ्या राहिल्या आहेत.

दुसरी कथा टेक्ससमधील सॅन सबा या गांवची आहे. ई. ई. रिझियन नांवाचा इंग्लंडहून आलेला एक सुतार तेथें स्थायिक झाला होता. परिसरांतील सर्वांत चांगलें पेकन कोणाचें, हें पाहण्यासाठीं त्यानें पांच डॉलरांचें बक्षीस लाविलें. बक्षिसाचें फळ निवडल्यावर तो तें झाड पाहावयास गेला, तों फळें काढण्याच्या सोयीसाठीं झाडाच्या बहुतेक सर्व फांद्या तोडून टाकलेल्या. एक तेवढी शिल्लक होती! रिझियननें पुढें ती जमीनच विकत घेतली, झाड जगविलें आणि त्याच्या बीपासून अनेक रोपें वाढवून त्यांतून उत्तम तीं निवडलीं. त्यांतूनच 'वेस्टर्न श्लाय' ही जात निघाली. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील कोरड्या प्रदेशांत व मेक्सिकोंत आजहि ती प्रमुख जात आहे. एका फांदीवर उरलेल्या झाडाची ही संतति!

पुढील काळांत योगायोगावर विसंबून न राहतां दोन निवडक जातींचा हेतुपुरस्सर संकर करण्याचें काम सुरू झालें. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें टेक्ससमधील ब्राउनवुड येथें १९३० च्या सुमारास असा उपक्रम हातीं घेतला. तेथून निघालेल्या जातींना मूळ रहिवाशांच्या जमातींचीं नांवें देण्याचा प्रघात आहे. 'विचिटा' (१९५९), 'पॉनी' (१९८४), 'कॅन्झा' (१९९६) व 'लकोटा' (२००७) हीं त्यांतील कांहीं प्रसिद्ध नांवें. या कामाला किती धीर लागतो याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. कॅन्झाचा संकर १९५५ सालीं करण्यांत आला आणि ती जात लोकांच्या हातीं १९९६ सालीं पडली. मध्यें एकेचाळीस वर्षें गेलीं.

आतां जातींच्या निवडीकडे वळावयाचें, तर प्रथम झाडाचा मोहोर समजून घेतला पाहिजे. कारण अनेकांची फसगत येथेंच होते. पेकनच्या एकाच झाडावर नर व मादी अशीं दोन्ही फुलें असतात. नरफुलांचे हिरवट तुरे गेल्या वर्षींच्या काडीवरून खालीं लोंबतात, तर मादीफुलें नव्या फुटीच्या शेंड्यावर बारीक झुबक्यानें येतात. मधमाशीचें येथें काम नसतें. पराग वाऱ्यानें वाहतो. दोन्ही फुलें एकाच झाडावर असल्यामुळें एक झाड पुरें, असें सहज वाटतें. परंतु निसर्गानें येथें एक गांठ मारून ठेविली आहे. बहुधा हीं दोन फुलें एकाच वेळीं तयार होत नाहींत. कांहीं जातींत पराग आधीं उडून जातो आणि मादीफूल मागाहून पक्व होतें. कांहींत मादीफूल आधीं तयार होऊन वाट पाहतें आणि पराग मागाहून सुटतो. पहिल्या प्रकारास पहिला वर्ग व दुसऱ्यास दुसरा वर्ग म्हणण्याची तेथें रीत आहे.

यावरून निष्कर्ष उघड आहे. एका वर्गाचें झाड दुसऱ्या वर्गाच्या झाडाशेजारीं असावें, म्हणजे एकाचा पराग नेमका दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो. वेस्टर्न ही पहिल्या वर्गाची व विचिटा ही दुसऱ्या वर्गाची. म्हणून पश्चिमेकडील बागांतून ही जोडी एकत्र आढळते. पूर्वेकडे डिझायरेबल ही पहिल्या वर्गाची, तर स्टुअर्ट व एलियट या दुसऱ्या वर्गाच्या. उत्तरेकडे पॉनी पहिल्या वर्गाची, कॅन्झा दुसऱ्या वर्गाची. क्वचित् एखाद्या झाडावर दोन्ही फुलांच्या वेळा थोड्या जुळतात व आपल्याच परागानें फळ धरतें. परंतु अशा फळांपैकीं पुष्कळ गळून जातात आणि जीं टिकतात त्यांचा मगज बहुधा नीट भरत नाहीं. पराग वाऱ्यावर दूर जातो हें खरें; तथापि दीडशें-दोनशें फुटांपलीकडे त्याचा भरंवसा उरत नाहीं. ज्या वस्तींत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पेकनचीं झाडें आहेत तेथें एकट्या झाडाचें भागतें. मोकळ्या माळावर मात्र दोन वर्गांचीं दोन झाडें लावणें अवश्य होय.

दुसरी कसोटी हवेची, आणि हीच सर्वांत निर्णायक. पेकनची लागवड होणाऱ्या अमेरिकेंतील प्रदेशाचे स्थूलमानानें तीन पट्टे पडतात: आग्नेयेकडील दमट पट्टा, पश्चिमेकडील कोरडा पट्टा आणि उत्तरेकडील थंड पट्टा.

दमट पट्ट्यांत जॉर्जिया राज्य मुख्य आहे. गंमत अशी कीं, पेकन हें जॉर्जियाचें मूळचें झाड नव्हे. तरीहि उत्पन्नांत तें राज्य देशांत अग्रेसर गणलें जातें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अल्बनी शहराभोंवतीं हजारों एकरांवर बागा लाविल्या गेल्या व त्यांचे लहान लहान तुकडे उत्तरेकडील शहरी लोकांना विकण्यांत आले. त्या काळीं 'श्लाय' नांवाच्या जातीची मोठी वाहवा होती. कवच कागदासारखें पातळ, मगज भरदार, चव अप्रतिम. आणखी काय पाहिजे? परंतु दमट हवेंत एक बुरशी पानांवर व कोंवळ्या फळांवर काळे डाग पाडते, फळें वाढूं देत नाहीं आणि प्रसंगीं तीं सबंध गळून जातात. या रोगास तेथें 'स्कॅब' म्हणतात. आपण त्यास खपली रोग म्हणूं. श्लाय जात या रोगास सहज बळी पडते. फळाचा गुण पाहून झाड निवडलें, पण त्या हवेंत तें निरोगी राहील कीं नाहीं हें पाहिलें नाहीं, म्हणजे काय होतें याचें हें ठळक उदाहरण आहे.

आजहि जॉर्जियांत 'डिझायरेबल' या मोठ्या फळाच्या, बाजारांत चांगला भाव मिळणाऱ्या परंतु रोगास बळी पडणाऱ्या जातीसाठीं बागाईतदारास एका हंगामांत दहा किंवा अधिक फवारण्या कराव्या लागतात. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध पोंचविणारीं अजस्र यंत्रें ज्याच्याजवळ आहेत, त्यालाच हें परवडतें. घरामागें एकच झाड लावणाऱ्या गृहस्थास तें सर्वस्वी अशक्य होय. त्याच्यासाठीं 'एलियट' ही जात योग्य ठरते. फ्लोरिडांतील मिल्टन येथें बीपासून वाढलेल्या एका झाडापासून ती निघाली. तिचें फळ लहान व वाटोळें असतें, पण मगज उत्तम असून खपली रोगास ती जात फार चांगली दाद देत नाहीं. मात्र ती वसंतांत लौकर फुटते, म्हणून उशिरां पडणाऱ्या हिंवाचें जेथें भय असेल तेथें ती लावूं नये. कोणतीहि जात सर्वगुणसंपन्न नसते, हेंच यांतून दिसतें.

पश्चिमेकडील पट्टा म्हणजे टेक्ससचा पश्चिम भाग, न्यू मेक्सिको, अॅरिझोना आणि सीमेपलीकडील मेक्सिकोचा चिवावा प्रांत. येथें पाऊस इतका थोडा पडतो कीं, खपली रोगाचा उपद्रव बहुतेक नाहींच. न्यू मेक्सिकोंतील मेसिया खोऱ्यांत १९३० नंतरच्या दशकांत रिओ ग्रान्दे नदीच्या पाण्यावर विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या. वेस्टर्न व विचिटा या दोन जाती तेथें भरभराटीस आल्या. विचिटा लौकर फळते, भरपूर फळते आणि तिच्या फळाच्या वजनापैकीं शेंकडा साठच्या आसपास मगज निघतो. जुन्या स्टुअर्ट जातींत हेंच प्रमाण शेंकडा ४६-४७ असतें. परंतु हीच विचिटा जॉर्जियाच्या दमट हवेंत नेली तर खपली रोगानें जेरीस येते. एका गांवचें वरदान दुसऱ्या गांवीं शाप ठरतें तें असें.

उत्तरेकडील पट्ट्यांत कॅन्सस, मिसूरी व केंटकी हीं राज्यें येतात. तेथें अडचण रोगापेक्षां काळाची आहे. दक्षिणेकडील जातींना फळ पिकविण्यास दोनशें किंवा अधिक हिंवरहित दिवस लागतात. उत्तरेंत तेवढे मिळत नाहींत. मगज भरण्यापूर्वीच हिंव पडतें आणि फळ हिरव्या सालींतच अडकून राहतें. म्हणून तेथें लौकर पिकणाऱ्या व कडक थंडी सोसणाऱ्या जातीच लावाव्या लागतात. केंटकींतील रानांत सांपडलेली 'मेजर' ही त्यांतील जुनी जात; कॅन्झा ही तिचीच मुलगी. पॉनी जातीचें फळ तर सप्टेंबरांतच तयार होतें व शिवाय आकारानें मोठें असतें.

जात ठरली कीं लावणीचा विचार. पेकनला खोल, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. नदीकांठीं वाढणारें झाड असलें तरी त्याचीं मुळें सदैव पाण्यांत राहिलेलीं त्याला खपत नाहीं. थोड्याच खोलीवर खडक किंवा चिकण मातीचा थर असेल ती जागा टाळावी. त्याचें सोटमूळ लांब असतें, म्हणून खड्डा त्या मुळास वळण न पडतां सरळ सामावून घेईल इतका खोल असावा. लावणी हिंवाळ्यांत, झाड निद्रिस्त असतांना करतात. रोपवाटिकेंत रोप जेवढें मातींत होतें तेवढेंच ठेवावें, अधिक खोल पुरूं नये. खणतांना पुष्कळ मुळें तुटलेलीं असल्यामुळें शेंड्याचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग छाटून टाकतात. नवख्या माणसास हें निर्दयपणाचें वाटतें, पण उरलेल्या मुळांना जेवढें पोसवेल तेवढेंच वर ठेवणें शहाणपणाचें. खड्ड्यांत रासायनिक खत घालूं नये. त्यानें कोंवळीं मुळें होरपळतात. रोपाभोंवतीं पांच-सहा फूट व्यासाचें आळें गवतापासून मुक्त ठेवणें ही पहिल्या तीन वर्षांतील सर्वांत मोठी सेवा होय, कारण रोपाच्या वाढीस गवतासारखा दुसरा शत्रु नाहीं. घर, विजेच्या तारा व दुसरें झाड यांपासून निदान ३५ ते ४० फुटांचें अंतर सोडावें. आज हातभर दिसणारी काडी पुढें केवढा विस्तार करणार आहे, हें मनांत आणूनच जागा आंखावी.

पाण्याच्या बाबतींत फळाची वाढ कशी होते हें ध्यानांत घेणें उपयुक्त आहे. शहाळ्यांत प्रथम पाणी असतें, मग मऊ मलई धरते व शेवटीं घट्ट खोबरें होतें. पेकनच्या कवचांतहि अगदीं असाच क्रम घडतो. जून-जुलैमध्यें फळ आकारानें वाढत असतांना पाणी कमी पडलें तर फळ लहान राहतें. ऑगस्ट-सप्टेंबरांत मगज भरत असतांना तें कमी पडलें तर फळ बाहेरून मोठें, पण आंत पोकळ निघतें. अगदीं अखेरीस ताण बसला तर वरची हिरवी साल उकलत नाहीं. उन्हाळ्यांत पाऊस व पाणी मिळून आठवड्यास एक ते दोन इंच पाणी झाडास मिळावें, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे.

खतांपैकीं नत्राची गरज तर असतेच. परंतु या झाडाचा खास हट्ट जस्तासाठीं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अनेक बागांत एक विचित्र विकार दिसे. फुटीच्या टोंकांशीं बारीक, पिवळट पानांचे झुबके येत, फांद्या शेंड्याकडून वाळत जात आणि झाड हळूहळू मरे. लोहाची उणीव असावी या समजुतीनें शास्त्रज्ञांनीं हिराकसाचें द्रावण देऊन पाहिलें. कांहीं झाडें सुधारलीं, कांहीं सुधारलीं नाहींत. शोध करतां असें आढळलें कीं, ज्या झाडांना गुण आला त्यांचें द्रावण जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांत तयार केलेलें होतें. गुण लोहाचा नव्हता, भांड्यांतून विरघळलेल्या जस्ताचा होता! १९३२ सालीं हें निष्पन्न झालें, आणि तेव्हांपासून वसंतांत पानांवर जस्ताची फवारणी हा लागवडीचा नित्यक्रम झाला. चुनखडीच्या जमिनींत मुळांना जस्त घेतां येत नाहीं, म्हणून तेथें तें पानांवाटेंच द्यावें लागतें. असाच दुसरा एक विकार म्हणजे पानांचीं टोंकें उंदराच्या कानासारखीं वाटोळीं होणें. त्याचें कारण कित्येक दशकें कोणास उमगलें नव्हतें; २००४ च्या सुमारास तें निकेलची उणीव असल्याचें सिद्ध झालें. तोळ्या-माशांच्या प्रमाणांत लागणारें द्रव्यहि शंभर फुटी झाडास कसें जखडून ठेवतें, याचीं हीं दोन उदाहरणें होत.

आतां वर्षाआड फळण्याच्या स्वभावाविषयीं. ज्या वर्षीं झाड फळांनीं लगडतें त्या वर्षीं मगजांत तेल भरण्यासाठीं त्याची सर्व सांठवण खर्ची पडते, कारण मगजाच्या वजनापैकीं शेंकडा सत्तरच्या आसपास तेल असतें. मग पुढील वर्षीं मोहोर धरण्यास त्राण उरत नाहीं. मोठ्या फळांच्या व फार फळणाऱ्या जातींत हा दोष अधिक तीव्र असतो. म्हणून हुशार बागाईतदार भरघोस वर्षांत यंत्रानें झाड हलवून कांहीं कच्चीं फळें उन्हाळ्यांतच पाडून टाकतो. हातचें पीक स्वतःच मातींत मिळविणें जिवावर येतें खरें. पण उरलेलीं फळें नीट भरतात आणि पुढील वर्षाचें पीकहि वांचतें. जात निवडतांना 'किती फळते' एवढेंच न विचारतां 'दरवर्षीं फळते काय' हेंहि विचारावें, तें याचसाठीं.

कवचाच्या जाडीलाहि एक सामाजिक इतिहास आहे. यंत्रें सार्वत्रिक होण्यापूर्वी टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहरांत हजारों मजूर, विशेषतः मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया, हातांनीं पेकन सोलीत असत. पौंडामागें मिळणारी त्यांची मजुरी कांहीं सेंटांचीच असे, आणि तीहि कमी करण्यांत आली तेव्हां १९३८ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस सुमारें बारा हजार मजुरांनीं संप पुकारला. एमा तेनायूका ही अवघी एकवीस वर्षांची तरुणी त्यांच्या अग्रभागीं होती. मगज अखंड, दोन फांकांत निघावा, तुकडे पडूं नयेत, ही बाजाराची मागणी कोणाच्या बोटांवर उभी होती, हें त्या संपानें उघड केलें. आज हें काम यंत्रें करतात. तरीहि मगज अखंड निघणें हा जातीचा मोठा गुण मानला जातो.

एवढें सर्व पाहिल्यावर निवडीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम हवा पाहावी: दमट कीं कोरडी, आणि हिंवरहित दिवस किती. दमट हवेंत रोगप्रतिकार हा गुण सर्वांच्या आधीं. चव व आकार मागाहून. नंतर पराग पाहावा: आसपास दुसऱ्या वर्गाचें झाड आहे काय. त्यानंतर दरवर्षीं फळण्याचा गुण, आणि सर्वांत शेवटीं फळाचा आकार, कवच व मगजाचें प्रमाण. बाजारांत फळ पाहून भुललेला माणूस हा क्रम नेमका उलटा लावतो, आणि तेथेंच फसतो. त्या भागांत पंचवीस-तीस वर्षें उभीं असलेलीं झाडें पाहून घेणें ही कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक विश्वसनीय साक्ष होय.

टेक्ससमधील ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन अशा शहरांतून आज अनेक मराठी कुटुंबें स्थायिक आहेत. तेथें घरामागें जुनें पेकनचें झाड आढळणें नवलाचें नाहीं. तें तोडण्यापूर्वी दोन-तीन हंगाम त्याचें फळ पाहावें. फळ बारीक असलें तरी झाड निरोगी असेल तर त्याच्या फांद्यांवर चांगल्या जातीचें कलम बांधतां येतें. वाढलेल्या मुळांच्या बळावर तें नव्या रोपाहून पुष्कळ लौकर फळतें. भारतांत हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू-काश्मीर येथील मध्यम उंचीच्या डोंगराळ भागांत पेकनची लागवड थोड्या प्रमाणांत होते. या झाडास हिंवाळ्यांत पानें गाळून विश्रांति घेण्याइतकी थंडी आणि त्यामागून लांबलचक उष्ण हंगाम, असें दोन्ही लागतें. म्हणून महाराष्ट्र व गोवा येथील हवेंत त्याच्या व्यापारी लागवडीची आशा धरूं नये. येथील गृहिणीस उपयोगी पडेल अशी गोष्ट एवढीच कीं, तेलाचें प्रमाण फार असल्यामुळें सोललेला मगज उघड्यावर लौकर खवट होतो. तो घट्ट झांकणाच्या डब्यांत, शीतकपाटांत ठेवावा. कवचासकट फळें अधिक दिवस टिकतात.

अशा झाडांवर संकटेंहि तशींच मोठीं येतात. ऑक्टोबर २०१८ मधील 'मायकल' व सप्टेंबर २०२४ मधील 'हेलीन' या वादळांनीं जॉर्जियांतील असंख्य जुनीं झाडें मुळासकट उलथून टाकलीं. आजोबांनीं लाविलेली बाग एका रात्रींत आडवी झालेली पाहून पुष्कळांवर पुनः पहिल्यापासून तोच प्रश्न सोडविण्याची पाळी आली: आतां कोणती जात लावावी? आज लाविलेल्या झाडाचें पूर्ण पीक हातीं येण्यास जेवढीं वर्षें लागणार, तेवढीं हातीं आहेत कीं नाहींत याचाहि हिशेब अनेकांस करावा लागला असेल.

टेक्ससचे एक गव्हर्नर जेम्स हॉग हे १९०६ सालीं वारले. आपल्या समाधीवर दगडी स्मारक न उभारतां उशाशीं पेकनचें व पायथ्याशीं अक्रोडाचें झाड लावावें आणि त्यांचीं फळें सामान्य लोकांना लावण्यासाठीं वांटावीं, अशी इच्छा त्यांनीं अखेरच्या दिवसांत व्यक्त केली होती. पुढें १९१९ सालीं पेकन हें त्या राज्याचें अधिकृत झाड ठरलें. शास्त्राच्या दृष्टीनें पाहतां वांटलेल्या फळांपासून उगवणारीं झाडें मूळ झाडासारखीं निघणार नाहींत हें खरें. परंतु त्या असंख्य रोपांतूनच एखादें असें निघतें, कीं ज्याची काडी पुढें सर्वत्र कलमासाठीं नेली जाते. वेस्टर्न, एलियट व मेजर या जाती अशाच निघाल्या. कलमानें उत्तम तें राखलें जातें आणि बीजानें नवें तें जन्मास येतें. बागाईतदाराला दोहोंचीहि गरज असते.